प्रोसेसर बसवताना थर्मल पेस्ट लागतेच का?

हार्डवेअर शिकायला लागलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. मलाही पडला होता. थर्मल पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्या मध्ये लावायचा, उष्णता वाहून नेणारा लेप. उत्तर सरळ आहे: लागते. पण कशासाठी लागते हे मला पहिलं मशीन जोडल्यावर कळलं.

कूलर वापरलेला होता. त्याच्या तळाची जुनी पेस्ट मी पुसून लख्ख केली आणि तसाच प्रोसेसरवर बसवला. दोन्हीकडे सपाट, चकचकीत धातू, मग मध्ये आणखी काय हवं, असं वाटलं. मशीन सुरू झालं, बायोस (मशीनच्या मूळ सेटिंगचा पडदा) उघडलं, आणि तापमानाचा आकडा डोळ्यांदेखत चढत गेला. नव्वदीच्या पुढे गेला आणि मशीन बंद पडलं. शिकवणाऱ्या दादांनी कूलर उतरवून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तळावर नख फिरव." नखाला बारीक रेघा लागल्या. डोळ्यांना आरसा दिसणाऱ्या त्या धातूवर यंत्रकामाच्या खुणा होत्या.

त्या रेघांत हवा अडकते, आणि हवेतून उष्णता फार कमी वाहते. हवेची उष्णतावाहकता साधारण ०.०२५ वॅट प्रति मीटर-केल्विन, चांगल्या पेस्टची ५ ते १०, तांब्याची ४०० च्या आसपास. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. पेस्ट हवेच्या शेकडो पट सरस आहे, पण तांब्यापुढे ती फारच कमी पडते. म्हणून तिनं फक्त खाचा भराव्यात, धातूला धातू जिथं टेकतो तिथं मध्ये येऊ नये. जाड थर लावला की आपणच उष्णतेची वाट अडवतो. नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरला मधोमध मटारच्या दाण्याएवढा थेंब पुरतो, कूलरच्या दाबानं तो आपोआप पसरतो. स्क्रू मात्र कर्णरेषेत समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा.

नव्या कूलरच्या तळाला बऱ्याचदा करड्या रंगाची पेस्ट आधीच लावलेली असते. तिच्यावर आणखी लावू नका. तळाला प्लास्टिकची फिल्म असेल तर ती आठवणीनं काढा.

एकदा कूलर उचलला की ती पेस्ट गेली समजा. दोन्हीकडची पुसून नवी लावायची. पुसायला ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घ्या. उतरवताना घाई नको. वाळलेली पेस्ट घट्ट धरून बसते, आणि एएमडीच्या एएम४ सारख्या सॉकेटमधून (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा), जिथं पिना प्रोसेसरला असतात, कूलरसोबत प्रोसेसरही उपटून येऊ शकतो. वाकलेल्या पिना सरळ करण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे. म्हणून कूलर उतरवण्याआधी मशीन पाच-दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून वीज काढा आणि कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा.

लिक्विड मेटलच्या, म्हणजे पेस्टऐवजी वापरतात त्या द्रवरूप धातूच्या, वाटेला सध्या जाऊ नका. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरतं, आणि ते वीजवाहक असल्यानं एक थेंब भलतीकडे सांडला तरी बोर्ड जाऊ शकतो.

पहिल्या एक-दोन मशीनवर मी कूलर बसवून पुन्हा उचलून पाहायचो. प्रोसेसरच्या मधल्या भागावर पातळ, सलग ठसा दिसला की प्रमाण बरोबर. मग सगळं पुसून तेवढीच पेस्ट पुन्हा लावायची.