नवखा पुन्हा खेळायला येत नाही? जुन्या खेळाडूंनो, या चुका टाळा

आत्येभावाला मी पहिल्यांदा ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’ हा मिळून खेळायचा व्हिडिओ गेम खेळायला बसवलं. अर्ध्या तासात मिशन फत्ते. आणि तो म्हणाला, “दादा, यात मी काय केलं?”

काहीच नाही. खनिजं मी खणली, किडे मी मारले, तो अंधारात माझ्यामागे पळत होता. नवख्याला शिव्या घालू नयेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मदतीच्या नावाखाली त्याचा सगळा खेळ आपणच खेळून टाकतो, हे लक्षात यायला मला बरेच दिवस लागले.

सगळं स्वतःच करणं

या खेळात चार बुटके गुहेत उतरतात: ड्रिलर, इंजिनिअर, गनर आणि स्काउट. समजा उंच भिंतीवर सोनं चमकतंय. स्काउट हुक मारून वर जातो, पण तिथे उभं राहायला जागा नसते. इंजिनिअरने खाली प्लॅटफॉर्म मारला की काम सोपं होतं. सराव झालेला स्काउट एकट्यानेही ते सोनं काढतो, आणि तिथेच घात होतो. नवखा इंजिनिअर सोबत असेल तर लेझर पॉइंटरने जागा दाखवा आणि थांबा. त्याचा पहिला प्लॅटफॉर्म भलतीकडेच लागेल, तुम्ही दाणकन खाली पडाल. पडा. तिसऱ्या वेळी तो न सांगता मारेल.

अवघडपणाही सवयीने लावू नका. आपला हात हॅझर्ड 4 या अवघड पातळीवर जातो. पहिल्या दिवशी 2 पुरे.

चूक झाल्यावर नियम सांगणं

नायट्रा नावाचं खनिज 80 जमलं की गोळ्यांची रसद मागवता येते. त्यात चार वाटे असतात, म्हणजे चौघे असाल तर माणशी एक. नवख्याला हे माहीत नसतं. तो दोन उचलतो, आणि मग चॅटमध्ये आरडाओरडा. रसदीचा पॉड (वरून येणारी कुपी) उतरायच्या आत “प्रत्येकी एक” एवढं टाइप केलं असतं तर? लांबलचक सूचना नकोत. किडे अंगावर आलेले असताना परिच्छेद कोण वाचणार!

मिशन संपवणाऱ्या शेवटच्या बटणाचंही तसंच. ते दाबलं की परतीच्या पॉडची उलटी मोजणी सुरू होते. एक जण जरी पॉडमध्ये पोचला तरी मिशन यशस्वी, त्यामुळे जुने लोक सुसाट सुटतात आणि नवखा बोगद्यात राहतो. दाबण्याआधी विचारा. वाट चुकला तर मॉलीच्या मागे चल म्हणावं. खनिजं वाहणारं ते यंत्र पॉडकडेच जातं.

घाई

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ‘फायनल फँटसी 14’ या ऑनलाइन खेळातलं. तिथे नवख्याच्या नावापुढे कोवळ्या रोपाचं चिन्ह दिसतं, आणि गटात कुणी ती मोहीम पहिल्यांदा करत असेल तर बाकीच्यांना जादा बक्षीस मिळतं. तरीही ‘प्रेटोरियम’ या मोहिमेत नवखा कथेची दृश्यं बघत बसायचा आणि बाकीचे पुढे जाऊन शत्रू संपवून टाकायचे. कथेचा कळस तो रिकाम्या दालनांमधून बघायचा. शेवटी ती दृश्यं कुणालाच वगळता येणार नाहीत असं करावं लागलं, आणि 2022 मध्ये मोहीमच आठऐवजी चार खेळाडूंची करून नव्याने रचली. लोक थांबत नाहीत म्हटल्यावर खेळच बदलावा लागला.

लगेच किक (खेळातून काढून टाकणं)

‘हेलडायव्हर्स 2’ या गोळीबाराच्या खेळात आपल्याच माणसाची गोळी आपल्याला लागते. नवख्याचा बॉम्ब तुमच्या डोक्यावर पडणारच. त्याने मुद्दाम केलं का, हे ओळखायची सोपी खूण आहे: तुम्हाला मारल्यावर तो लगेच तुम्हाला परत बोलवायच्या बटणांशी झटत असेल (वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर), तर तो शिकतोय. परत उतरा आणि खेळा. हसत हसत पुन्हा तेच करणाऱ्याला मात्र खुशाल काढा, तिथे माझी काही हरकत नाही.

आत्येभाऊ आता इंजिनिअर घेतो. परवा मी स्काउट होतो, सोन्याखाली प्लॅटफॉर्म आधीच लागलेला होता, आणि वर “दादा, येतोयस ना?”