आधी धोका, मग निदान: इमर्जन्सीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

वॉर्डात हाताला एक सवय लागलेली असते. आधी हकीकत विचारायची, मग तपासायचं, मग रिपोर्ट, मग निदान, शेवटी उपचार. इमर्जन्सीत हा क्रम मोडावा लागतो. समोरच्या माणसाला नक्की काय झालंय हे कळण्याआधी तो कशाने दगावू शकतो ते शोधायचं आणि तिथल्या तिथे आवरायचं. निदानाला अर्धा तास उशीर झाला तर बहुतेक वेळा निभावतं. अडलेला श्वास अर्धा तास थांबत नाही.

नव्या माणसाची अडचण ज्ञानाची नसते. परीक्षेसाठी केलेलं सगळं डोक्यात असतं, पण ट्रॉली समोर आली की त्यातलं आधी काय काढायचं ते सुचत नाही. ए-बी-सी-डी-ई हा क्रम त्यासाठीच आहे: श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूची अवस्था आणि अंगावरचे कपडे काढून केलेली पूर्ण तपासणी. तो वापरायचे नियम दोनच. जिथे दोष सापडेल तिथे थांबून तो दुरुस्त करायचा, तोवर पुढच्या अक्षरावर जायचं नाही. आणि काहीही केलं, ऑक्सिजन लावला, सलाईन चढवलं, औषध दिलं, की पुन्हा ए पासून पाहायचं. पहिला नियम सगळ्यांच्या लक्षात राहतो. बहुतेक घोळ दुसरा विसरल्याने होतात.

पेशंट हाकेला ओ देत नसेल, नीट श्वास घेत नसेल आणि दहा सेकंदांत मानेतली नाडी लागत नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून छाती दाबायला सुरुवात करायची: मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटीमीटर, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. तो बदलला नाही की थकलेल्या हातांची खोली कमी होते आणि दाबणाऱ्याला ते कळतही नाही.

गर्दीत कोणाकडे आधी जायचं? जो मोठ्याने ओरडतोय त्याचा श्वासमार्ग निदान या क्षणी मोकळा आहे आणि मेंदूपर्यंत रक्त पोचतंय. भीती बाळगावी ती कोपऱ्यात गप्प पडलेल्याची. दम्याचा पेशंट धापा टाकता टाकता शांत झाला, छातीतली शिट्टीही ऐकू येईनाशी झाली, तर तो बरा होतोय असं समजू नका. हवा आत-बाहेर जाणंच थांबत आलेलं असतं. ट्रायाजचा, म्हणजे कोणाला आधी बघायचं हे ठरवणारा रंगही एकदा दिला की कायमचा नसतो. पिवळ्यातला पेशंट वीस मिनिटांत लाल होऊ शकतो, म्हणून थांबलेल्यांकडे ठरावीक वेळाने फेरी मारावीच लागते.

श्वासमार्ग तपासायला आधी उपकरण लागत नाही. नाव विचारा. पूर्ण वाक्यात, स्पष्ट आवाजात उत्तर आलं तर ए जवळजवळ झालाच. घोरल्यासारखा आवाज येत असेल तर जीभ मागे पडली आहे, गुळगुळ असेल तर तोंडात रक्त, उलटी किंवा लाळ आहे, आणि श्वास आत घेताना कर्कश आवाज येत असेल तर वरचा मार्ग अरुंद झालाय. या तिसऱ्या आवाजाला लगेच सीनिअरना आणि भूलतज्ज्ञांना बोलवा आणि पेशंट ज्या स्थितीत बसलाय तसाच बसू द्या. आडवं करण्याचा हट्ट धरू नका.

जीभ मागे पडली असेल तर डोकं मागे, हनुवटी वर. मानेला मार असल्याची शंका असेल तर मान न हलवता दोन्ही बाजूंनी जबडा पुढे उचलायचा. तोंडातून घालायचा एअरवे (जीभ पुढे धरणारी वाकडी नळी) निवडताना तो गालाला लावून मोजा: ओठांच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत. लहान पडला तर तो जिभेलाच मागे ढकलतो, मोठा झाला तर स्वरयंत्रावरचं झाकण दाबून मार्ग बंद करतो. घालताना उबळ आली तर ताबडतोब काढा. त्याचा अर्थ पेशंटला त्याची गरज नाही, आणि ठेवला तर उलटी होणार. सक्शन करताना नळीचं टोक डोळ्यांना दिसेल तेवढंच आत न्यायचं आणि एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नाही, कारण तेवढा वेळ आपण त्याचा ऑक्सिजनही ओढत असतो.

श्वसनाचा दर हा सगळ्यात जास्त ठोकून दिलेला आकडा. कितीतरी केसपेपरांवर तो 18 किंवा 20 असतो आणि त्यातले बरेच मोजलेले नसतात. हाताची नाडी धरल्याचं निमित्त करून पूर्ण एक मिनिट छातीकडे बघा. मोठ्या माणसात 12 ते 20 नेहमीचे. 25 च्या वर गेला की काहीतरी गंभीर शिजतंय असं धरून चला. फुप्फुसंच खराब असतील असं नाही. सेप्सिस (अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग), रक्तस्राव, डायबेटिक किटोॲसिडोसिस (मधुमेहात रक्तात आम्ल वाढणं), सगळ्यांत बीपी पडण्याच्या खूप आधी श्वास वाढतो. 8 च्या खाली आला तर अफूजन्य औषध, झोपेचं औषध किंवा मेंदूतली इजा डोक्यात यायला हवी.

ऑक्सिजनला लक्ष्य लागतं. बहुतेकांसाठी सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, 94 ते 98, सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) ज्या पेशंटमध्ये कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो त्यांना 88 ते 92. पण पेशंट अत्यवस्थ असेल तर आधी भरपूर ऑक्सिजन द्या, स्थिरावल्यावर कमी करा. पिशवीवाला मास्क लावताना नेहमी होणारी चूक ही: मास्क आधी तोंडावर आणि मग ऑक्सिजन सुरू. आधी मिनिटाला 15 लिटरवर प्रवाह सोडा, आतली झडप बोटाने दाबून पिशवी फुगू द्या, मग मास्क चढवा. श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह अपुरा आहे. साधा मास्क 5 लिटरच्या खाली कधीच ठेवू नका; सोडलेलाच श्वास पेशंट पुन्हा घेत राहतो. बोटावरचा प्रोबही फसवतो. गार हात, नेलपॉलिश, हलणारं बोट यांनी आकडा चुकतो, आणि बंद खोलीत धुरात सापडलेल्या माणसात कार्बन मोनॉक्साइडमुळे तो खोटाच चांगला दिसतो.

अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हा वेगळाच विषय आहे, कारण घाबरलेला हात ती नेहमी जोरात आणि भराभर दाबतो. मोठ्यांची बॅग साधारण दीड लिटरची असते आणि एका श्वासाला हवे असतात 500 ते 600 मिली. छाती वर उचललेली दिसली की पुरे. नाडी असलेल्या पेशंटला सहा सेकंदांनी एक श्वास. त्याहून जास्त दिला तर हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी वर येते आणि सरळ फुप्फुसात उतरते. मास्क एका हाताने घट्ट बसत नसेल तर अभिमान सोडून दुसऱ्याला बोलवा: एकाने दोन्ही हातांनी मास्क धरून जबडा त्यात उचलायचा, दुसऱ्याने बॅग दाबायची.

आता रक्ताभिसरण. इथे मॉनिटरवरच्या बीपीवर विसंबणं महागात पडतं. तरुण, निरोगी शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी धरून ठेवतं, आणि साधारण 30 टक्के रक्त गेल्यावरच वरचा आकडा ढासळतो. 70 किलोच्या माणसात हे जवळजवळ दीड लिटर. तोवर खुणा इतरत्र असतात: गार, घामेजलेले हात, वाढलेली नाडी, अस्वस्थपणा, कमी लघवी. बोटाचं टोक हृदयाच्या पातळीला धरून पाच सेकंद दाबा आणि सोडा. रंग दोन सेकंदांत परतायला हवा. नाडीचा आकडा वरच्या बीपीपेक्षा मोठा झाला, म्हणजे नाडी 120 आणि बीपी 100, तर पेशंट शॉकमध्ये आहे, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही, असं समजूनच कामाला लागा. मात्र बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणारं औषध) घेणाऱ्यांत नाडी वाढतच नाही. त्यांची नॉर्मल नाडी पुरावा म्हणून धरू नका. आणि कफ बघा: जाड दंडाला लहान कफ लावला की बीपी खोटं चढं येतं.

सुई लावताना जाडी महत्त्वाची. 18 नंबरची हिरवी कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी) मिनिटाला साधारण 90 मिली सोडते, 20 ची गुलाबी 60, 22 ची निळी 36. रक्त वाहणाऱ्या पेशंटला निळी लावून दोन बाटल्या टांगणं म्हणजे काहीच न करणं. कोपराच्या खोबणीत दोन जाड सुया लावा आणि त्याच वेळी ग्रुपिंग-क्रॉसमॅचचं (रक्तगट आणि जुळणी तपासायचं) रक्त काढून घ्या. दिसणाऱ्या जखमेतून नळासारखं रक्त येत असेल तर सुईच्याही आधी हाताने घट्ट दाब. अधूनमधून उचलून बघायचं नाही. मोठ्या इजेत रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम दहा मिनिटांत, पण मार लागल्यापासून तीन तासांच्या आतच. सलाईनही औषधच आहे. 250 ते 500 मिली द्या, फुप्फुसांचा तळ ऐका, नाडी-बीपी बघा, मग पुढचं ठरवा.

डी मध्ये एक गोष्ट कधीही सुटू नये: साखर. शुद्ध हरपलेला, बडबडणारा, झटके येणारा, एका बाजूने लुळा पडलेला, दारूचा वास येणारा, कोणीही असो, ग्लुकोमीटर लावायचाच. साखर उतरल्याने हुबेहूब पक्षाघातासारखं चित्र दिसू शकतं. आकडा 70 च्या खाली आणि पेशंट गिळू शकत नसेल तर 25 टक्के डेक्सट्रोज (साखरेचं द्रावण) 100 मिली शिरेतून. सुई शिरेत नीट आहे याची खात्री करून, कारण बाहेर गेलं तर त्वचा जळते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. पेशंट साखरेच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेत असेल तर उठून बसला, हसला म्हणून घरी सोडू नका. काही तासांनी साखर पुन्हा उतरते. शुद्धीचा ग्लासगो स्कोअर (3 ते 15) 8 किंवा कमी असेल तर श्वासमार्ग धोक्यात आहे, म्हणजे पुन्हा ए.

ई थोडक्यात: कपडे काढा, पाठ, काखा, जांघा बघा, आणि लगेच पांघरूण घाला. थंड पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही.

काही आजारांत घड्याळच निर्णय घेतं. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत काढून कोणीतरी वाचलेला हवा. छातीवरचे व्ही-1 आणि व्ही-2 हे लीड चौथ्या फासळीखालच्या जागेत लावायचे. घाईत ते वर, दुसऱ्या फासळीखालच्या जागेत लागतात आणि नसलेले बदल दिसतात. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रियांमध्ये कधीकधी दुखणं नसतंच; घाम, धाप, पोटाच्या वरच्या भागात जळजळ एवढंच असतं. पक्षाघातात ‘कधी सुरू झालं’ असं विचारलं की नातेवाईक ‘सकाळी उठले तेव्हा’ असं सांगतात. प्रश्न असा हवा: शेवटचं ठणठणीत कोणी, किती वाजता पाहिलं? गुठळी विरघळवण्याच्या औषधाची साडेचार तासांची मुदत तिथून मोजतात. अंगावर गांधी, ओठ सुजलेले आणि धाप किंवा पडतं बीपी दिसलं तर ॲड्रेनॅलिन 0.5 मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, लगेच. ॲव्हिल (ॲलर्जीविरोधी औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोनने (स्टेरॉइड) सुरुवात करण्याची सवय जिवावर बेतते. फरक नसेल तर पाच मिनिटांनी दुसरा डोस, आणि अशा पेशंटला एकदम उभं करायचं नाही.

तोंडी ऑर्डर देताना ज्याला सांगताय त्याचं नाव, औषध, मिलिग्रॅम आणि मार्ग सांगा. ‘एक अँप्यूल द्या’ असं नको. ऐकणाऱ्याने ती परत म्हणायची आणि दिल्यावर ‘दिलं’ असं वेळेसह सांगायचं. सिस्टरनी ‘डॉक्टर, हा पेशंट बरोबर वाटत नाही’ म्हटलं तर आकडे नॉर्मल असले तरी उठून जा. सीनिअरना फोन करताना पहिल्याच वाक्यात काय हवंय ते सांगा: ‘चार नंबरचा पेशंट शॉकमध्ये आहे, तुम्ही आत्ता यावं.’ हकीकत त्यानंतर.

दुखणं थांबवायला निदानाची वाट पाहू नका. वेदनाशामक दिल्याने पोटाची तपासणी बिघडते ही जुनी समजूत आहे. पेशंट सैल पडला की उलट पोट नीट तपासता येतं. मॉर्फिन 2 ते 3 मिलिग्रॅमच्या टप्प्यांनी शिरेतून, दर टप्प्यानंतर श्वास मोजत.

घरी सोडताना नाडी, बीपी, श्वास आणि सॅच्युरेशन पुन्हा घ्या आणि पेशंटला चार पावलं चालवून बघा. पडून 96 असलेलं सॅच्युरेशन चालल्यावर 88 होताना दिसतं. नाडी अजून 115 असेल तर कारण सापडेपर्यंत कागदावर सही करू नका. परत कधी यायचं हे ‘त्रास झाला तर या’ असं मोघम सांगू नका. डोक्याला मार लागलेल्याच्या सोबत्याला सांगा: दोनपेक्षा जास्त उलट्या, वाढती डोकेदुखी, न उठवता येणारी झोप, झटका, हातपाय लुळा पडणं, यातलं एकही दिसलं तर रात्री कितीही वाजलेले असोत, लगेच आणा. मग विचारा, ‘आता तुम्ही मला सांगा, कधी आणायचं?’ त्यांच्या उत्तरात जे सुटेल ते पुन्हा सांगा, आणि कागदावरही लिहून द्या.