कंप्रेसरची लाइन म्हणजे नळाची लाइन नव्हे: या चुका टाळा

घरच्या वर्कशॉपमध्ये कंप्रेसर आला की काही दिवसांत लांब होज पायात यायला लागते आणि भिंतीवरून पाइप फिरवायचा बेत ठरतो. मग नळजोडणीचं ज्ञान जसंच्या तसं हवेच्या लाइनला लावलं जातं. तोच पाइप, तीच खाली तोंड केलेली टी, म्हणजे फांदी काढायचा तीन तोंडांचा जोड. पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पीव्हीसी पाइप. स्वस्त मिळतो, सोल्युशनने पटकन चिकटतो आणि त्यावर छापलेला दाब कंप्रेसरच्या दाबापेक्षा भरपूर जास्त दिसतो. पण तो आकडा पाण्यासाठी आणि साध्या तापमानासाठी असतो. पाइप तापला की त्याची ताकद झपाट्याने घटते, आणि कंप्रेसरमधून निघणारी हवा तर गरमच असते. शिवाय पाणी दाबाखाली जवळजवळ आकसत नाही. म्हणून पाण्याचा पाइप तडकला की फवारा उडतो आणि दाब लगेच ओसरतो. आकसलेली हवा मात्र एकदम प्रसरण पावते आणि ठिसूळ प्लास्टिकच्या धारदार ठिकऱ्या खोलीभर फेकते. अमेरिकेतल्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा यंत्रणेने जमिनीत न पुरलेल्या लाइनमध्ये असा पाइप हवेसाठी वापरण्याविरुद्ध 1988 सालीच इशारा दिला होता. ‘इतकी वर्षं चाललाय की’ या युक्तिवादात दम नाही, कारण ऊन, तेलाचा अंश आणि वय यांनी पाइप आतून ठिसूळ होत जातो आणि बाहेरून काही कळत नाही. सीपीव्हीसीला, म्हणजे गरम पाण्यासाठीच्या पीव्हीसी पाइपलाही, हेच लागू.

तांबं, हवेसाठीच बनवलेले अ‍ॅल्युमिनियमचे पाइप किंवा लोखंडी पाइप वापरा. लोखंडाला आतून गंज धरतो, तेवढं फिल्टरवर लक्ष ठेवा. आणि जागा एका गाडीपुरतीच असेल तर माझं मत विचाराल तर पाइपच नको; चांगली रबरी होज आणि रील पुरते.

आता पाणी. ‘कंप्रेसरला लागूनच फिल्टर लावलाय, तरी स्प्रेगनमधून थेंब येतात’ ही तक्रार फिल्टरच्या दर्जाची क्वचितच असते, जागेची असते. एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब, आणि गेज त्याच्या वरचाच दाब दाखवतं; म्हणून गेजवर 7 बार म्हणजे आठ घनफूट हवा एका घनफुटात कोंबलेली. तिच्यातली वाफही तितकीच दाटते. बाहेरची आर्द्रता अवघी 13 टक्के असली, तरी ही हवा पुन्हा खोलीच्या तापमानाला आली की पाणी सुटू लागतं. पावसाळी हवेत किती सुटत असेल याचा अंदाज करा. कंप्रेसरजवळ हवा गरम असते, पाणी वाफेच्या रूपात असतं, आणि साधा फिल्टर थेंब पकडतो, वाफ पकडत नाही. वाफ आरामात पुढे जाते आणि होजमध्ये थंड होऊन थेंब बनते. म्हणून आधी हवेला थंड व्हायला पाइपची लांबी द्या. जागा कमी असेल तर पाइप भिंतीवर वर-खाली फिरवून ती मिळवा. फिल्टर वापराच्या टोकाला लावा.

पाइपला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार द्या, शक्यतो हवा वाहते त्याच दिशेने. हवा घ्यायची फांदी मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढून मग खाली वळवा. टी खाली तोंड करून लावली की पाइपच्या तळाशी वाहणारं पाणी सरळ अवजारात उतरतं. प्रत्येक उतरत्या पाइपच्या तळाशी थोडा जास्तीचा तुकडा आणि साचलेलं पाणी सोडायला बॉल व्हॉल्व्ह ठेवा. कपलर, म्हणजे होज पटकन जोडायचा जोड, त्याच्या वर. काम संपलं की टाकीचा ड्रेनही उघडा. टाकी आतून गंजली तर वरून रंग मारून उपयोग नाही.

‘गेज 7 बार दाखवतं, पण इम्पॅक्ट रेंच नट सोडत नाही’ ही दुसरी नेहमीची तक्रार. ट्रिगर दाबलेला असताना अवजाराजवळचं गेज बघा. तेव्हा काटा कोसळत असेल तर अडथळा वाटेत आहे. लोक मुख्य पाइप मोठा टाकतात आणि पुढे बारीक भोकाचा कपलर अन् निमुळती होज लावून सगळी मेहनत वाया घालवतात. आधी ते बदला.

कंप्रेसर आणि भिंतीवरचा पाइप यांच्यामध्ये लवचिक होजचा तुकडा हवाच, नाहीतर थरथरीने पहिलाच जोड तडकतो. जोड कितीही आवळला तरी फुसफुसतो, तेव्हा आटे तपासा. अर्ध्या इंचात बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकी) या आट्यांच्या दोन्ही प्रकारांना इंचात 14 आटे असतात, त्यामुळे एक दुसऱ्यात बसतो. पण आट्यांचा कोन 55 आणि 60 अंश असा वेगळा, म्हणून गळतो. तिथे टेफ्लॉन टेपचे आणखी वेढे देण्यात अर्थ नाही, फिटिंगच बदला. टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर तिचे धागे अवजारात जातात.

नवी लाइन एकदम पूर्ण दाबाने भरू नका. एक-दोन बारवर साबणाचं पाणी लावा, मग दाब वाढवा. एक मिलिमीटरचं भोक 7 बारला मिनिटाला साठ-सत्तर लिटर हवा खातं, आणि छोट्या कंप्रेसरला ते झेपत नाही. मात्र बंद केल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काटा थोडा खाली आला तर घाबरू नका. 50 अंशांची हवा 30 अंशांवर आली की दाब आपोआप साधारण अर्धा बार उतरतो. नंतरही काटा उतरत राहिला तर गळती आहे.

ती लाइनमध्ये आहे की टाकीकडे, हे टाकीजवळचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून कळतं. व्हॉल्व्ह बंद असूनही टाकीचा दाब उतरत असेल तर दाबानुसार मोटर चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचजवळ कान द्या. मोटर थांबल्यावर तिथे दोन-तीन सेकंद होणारा ‘फुस्स’ आवाज नेहमीचाच. तो थांबतच नसेल, तर टाकीच्या तोंडाशी असलेला, हवा मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नाही. विजेचा प्लग काढा, टाकी पूर्ण रिकामी करा, व्हॉल्व्ह थंड होऊ द्या, मगच तो खोला. बहुतेकदा आत काजळीचा कण अडकलेला असतो. पुसून भागलं नाही तर नवा बसवा.