हनुकाच्या आधी मांडायचं टेबल

अमेरिकेतल्या वाचनालयांत हनुकाच्या, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या, आधीचा महिना ज्यू पुस्तकांचा असतो. १९२५ मध्ये बोस्टनच्या वेस्ट एंड शाखेत फॅनी गोल्डस्टीन या ग्रंथपाल बाईंनी प्रदर्शन मांडलं, त्यातून सप्ताह सुरू झाला आणि १९४३ मध्ये त्याचा महिना झाला. यंदा आमच्या गावच्या वाचनालयात पुरस्कारप्राप्त पुस्तकांचं टेबल माझ्याकडे आहे. मदतीला येणाऱ्यांसाठी हे लिहून ठेवते.

आधी तारीख. हनुका आपल्या दिवाळीसारखी पुढेमागे सरकते, म्हणून कॅलेंडर बघूनच खोली राखून ठेवायची. वाचनाचा कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी मुळीच नको, सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागतो. रविवारची दुपार बरी. खाऊ कोशर (ज्यूंच्या आहारनियमांत बसणारा) असा शिक्का असलेला, बंद पाकिटातला आणायचा, सोबत अख्खी फळं.

मग पुस्तकं. नॅशनल ज्यूइश बुक अवॉर्ड १९५० पासून आहे, मोठ्यांच्या पुस्तकांसाठी सोफी ब्रॉडी पदक आहे, मुलांसाठी १९६८ पासूनचा सिडनी टेलर पुरस्कार. तिन्हींच्या याद्या काढून ठेवा. मात्र सगळं टेबल छळछावण्यांच्या आठवणींनी भरू नका. त्या हव्यातच, पण प्रेम, स्वयंपाकघर, भावंडांची भांडणंही या साहित्यात आहेत, आणि मुलं तिथूनच आत येतात.

प्रत्येक पुस्तकापुढच्या चिठ्ठीवर पुरस्काराच्या आधी मूळ भाषा लिहायची, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नावही. माझा आग्रह याच एका गोष्टीचा आहे. १९६६ चं साहित्याचं नोबेल अ‍ॅग्नॉन आणि नेली झाक्स यांना विभागून मिळालं. ते हिब्रूत लिहायचे, त्या जर्मनमध्ये. ही दोघं शेजारी ठेवा. त्यांच्यापाशीच १९७८ चे नोबेल मानकरी सिंगर, ते यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, लिहायचे. पलीकडे मुंबईच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यू समाजाच्या, घरातले निस्सिम इझिकेल, इंग्रजी कवितेसाठी १९८३ चं साहित्य अकादमी मिळवणारे. इस्रायलमधून निघणाऱ्या ‘मायबोली’ या मराठी नियतकालिकाचा जुना अंक कुणाकडे असेल तर जरूर आणा. मराठीही ज्यू घरांची भाषा आहे, हे इथल्या लोकांनी डोळ्यांनी बघावं असं मला फार वाटतं.

हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं. उभं करताना आपल्या सवयीने मलपृष्ठ पुढे येईल, तेवढं तपासा. आणि कुणी प्रार्थनेचं पुस्तक आणलं तर ते खाली जमिनीवर ठेवायचं नसतं. त्यासाठी एक वेगळं स्टूल लागेल.