कॉन्टॅक्ट प्रिंट मधल्या भागात धूसर यायचे, त्याचं काय केलं

३५ मिमीच्या रोलचं कॉन्टॅक्ट शीट (निगेटिव्हच्या पट्ट्या थेट फोटोच्या कागदावर काचेखाली दाबून काढलेला सगळ्या फ्रेमचा एकत्र प्रिंट) काढलं की कडेच्या फ्रेम खणखणीत आणि मधल्या चार-पाच मऊ, असं दर वेळी व्हायचं. आधी लेन्सवर संशय घेतला. लूपखाली (छोट्या भिंगाखाली) निगेटिव्ह पाहिली तर अगदी स्पष्ट. दोष फोटोफ्रेममधून काढलेल्या २ मिमी काचेचा निघाला. तिला वजनच नाही, त्यामुळे वळलेली पट्टी मधे उचललेली राहायची.

तयार कॉन्टॅक्ट प्रिंटरही पाहिला. बिजागरीची काच, पट्ट्या अडकवायची सोय, छान असतो. पण मी १२० फिल्मही (३५ मिमीपेक्षा रुंद) वापरतो आणि त्याच्या खाचा ३५ मिमीपुरत्याच होत्या. शेवटी काचवाल्याकडून ६ मिमी जाडीची, १० बाय १२ इंची साधी काच आणली. कडा घासून घ्याच, अंधारात बोट कापतं. खाली काळा फोम, मग कागद, त्यावर निगेटिव्हची मंद, कमी चमकणारी बाजू कागदाकडे करून, वर काच.

दिवा वेगळा घेतला नाही. एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) वर चढवला, कॅरिअर म्हणजे निगेटिव्ह धरायची चौकट रिकामी, कॉन्ट्रास्टचा फिल्टर मध्यम, ग्रेड २. टेस्ट स्ट्रिपवर (कमी-जास्त सेकंद प्रकाश देऊन पाहायच्या कागदाच्या पट्टीवर) फिल्मची कोरी कडा जेमतेम पूर्ण काळी होते तेवढेच सेकंद.

एक हिशेब उशिरा कळला. सहा-सहा फ्रेमच्या सहा पट्ट्या शेजारी ठेवल्या की २१० मिमी होतात, आणि ८ बाय १० चा कागद २०३ मिमी रुंद. पाच-पाचच्या सात पट्ट्या मात्र कागदाच्या लांब बाजूने शेजारी ठेवल्या की नीट बसतात. छत्तिसावी फ्रेम तेवढी एकटी उरते, आणि हमखास तीच चांगली आलेली असते.