सोसायटीच्या गच्चीवर ज्येष्ठांची बाग: बाकी सोपं, पाणी सांभाळा

ज्येष्ठांसाठी गच्चीवर बाग करायची म्हटलं की कोणीतरी हमखास सांगतं, सक्युलंट (जाड, रसदार पानांची झाडं) लावा, त्यांना काही करावंच लागत नाही. अहो, पण काहीतरी करायला मिळावं म्हणूनच तर माणूस वर येणार ना! रिटायर झाल्यावर टीव्हीसमोर बसून राहिलेले काका किंवा जोडीदार गेल्यापासून दार लावून घेतलेल्या आजी, यांना रोज हात लावावा लागेल असंच झाड द्या.

कमिटीची परवानगी, वॉटरप्रूफिंग, कुंड्या बीमवर येतील अशा ठेवणं (बारा इंची कुंडी भिजली की वीस-पंचवीस किलो सहज भरते) हे सगळं झालंय असं धरतो. माती, कंपोस्ट, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सम प्रमाणात. कुंड्या अडीच फुटी स्टँडवरच हव्यात, कारण बीपीची गोळी चालू असलेला माणूस वाकून झटकन उठला की गरगरतं. डायबेटिसवाल्यांना ग्लोव्हज आणि बूट कंपल्सरी, धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या १० वर्षांत झालंय का तेही विचारून घ्या. एका माणसाला एक कुंडी, वर नाव. पहिली मेथीच पेरा, तीन-चार दिवसांत उगवते. कोथिंबीर आठ-दहा दिवस तोंड दाखवत नाही, नवा माणूस तेवढ्यात खट्टू होतो.

आता पाणी. असल्या बागा उन्हाने मरत नाहीत, प्रेमाने मरतात. सकाळी काकू घालतात, मग त्यांना माहीत नसतं म्हणून शेजारचे आजोबा घालतात, संध्याकाळी वॉचमन पाईप फिरवतो, आणि आठवड्यात मेथी पिवळी पडून मान टाकते. पानं मलूल दिसली की सगळे अजून पाणी ओततात. मुळं कुजली तरी पानं मलूलच दिसतात, हे कोणी सांगतच नाही. आणि मग आजी म्हणतात, "माझ्या हाताला गुणच नाही बाई." एकदा हे वाक्य आलं की त्या आठवडाभर वर फिरकत नाहीत. मेथी परत पेरता येते, त्यांना परत वर आणणं अवघड.

"रोज एक मग पाणी" हा सल्ला म्हणूनच बोगस आहे. बोट दोन पेरं आत घालायचं, ओलं लागलं तर पाणी नाही, विषय संपला. कोकोपीट वरून कोरडं आणि आत चिंब असतं, नुसतं बघून कळत नाही. कुंडीच्या कडेला कपडे वाळवायचा चिमटा लावा, पाणी घातलं की तो पलीकडच्या कडेला सरकवायचा, रात्री कोणीतरी एकाने सगळे चिमटे परत जागेवर आणायचे. वहीत टिक करायचा प्रकार चालत नाही, चष्मा खालीच राहिलेला असतो. खालच्या थाळ्या काढून टाका, आणि पाईपला सरळ कुलूप.

पण नुसतं "पाणी घालू नका" म्हणालात तर माणसं वर येणार कशाला? पाणी नाही त्या दिवशी दुसरं काम हातात द्या: पिवळी पानं खुडणं, तुळशीच्या मंजिऱ्या काढणं, कंपोस्ट हलवणं, मेथी विरळणं.

विसराळूपणा सुरू झालेल्यांसाठी माझा नियम वेगळा आहे. त्यांना टोकायचं नाही, चिमटा-बिमटा समजावत बसायचं नाही, सरळ अळू किंवा ब्राह्मी द्यायची. दिवसातून तीनदा पाणी घातलं तरी अळू खूशच. घरच्यांनी मागून "बाबा, आत्ताच घातलंत ना" म्हणायला सुरुवात केली तर घरच्यांनाच प्रेमाने खाली पाठवा. आणि हो, डॉक्टरांच्या गोळ्या आहेत तशाच चालू, बाग त्यांच्या जोडीला.

जुडी ज्याने वाढवली त्याच्याच घरी जाईल, लिलाव वगैरे नको. जास्तीची कोणाला द्यायची ते त्यालाच ठरवू द्या. बहुतेक जण शेजारच्याच दारावर टकटक करतात, आणि ज्यांच्याशी वर्षानुवर्षं फक्त पार्किंगवरून बोलणं व्हायचं तेही चहाला थांबवतात.

पावसाळ्यात मेथी-कोथिंबीर बंद, अळू आणि गवती चहा चालू. गच्चीवर शेवाळ धरतं, तेव्हा जून लागायच्या आत मॅट टाकून घ्या, आणि परत पेरणी गणपतीनंतर.