केफॉवर सुनावण्यांची मूळ रेकॉर्डिंग कशी सापडली

सिनेटर एस्टेस केफॉवर यांच्या अमेरिकन सिनेट समितीने १९५०-५१ मध्ये संघटित गुन्हेगारीवर सुनावण्या घेतल्या. त्यांची मूळ रेकॉर्डिंग शोधताना 'माफिया हिअरिंग' असं टाकलं की माहितीपटांचे तुकडेच पुढे येत होते. उपाय सापडला तो समितीच्या अधिकृत नावात: अमेरिकन नॅशनल आर्काइव्हजच्या कॅटलॉगमध्ये 'ऑर्गनाइज्ड क्राइम इन इंटरस्टेट कॉमर्स' हे शब्द इंग्रजीत टाका, वर्षं १९५०-५१ ठेवा. सिनेटची कागदपत्रं रेकॉर्ड ग्रुप ४६ (आर्काइव्हजमधला कागदपत्रांचा क्रमांकित गट) मध्ये आहेत. चित्रफिती मात्र वेगळ्या संग्रहांत, म्हणून 'युनिव्हर्सल न्यूजरील' (चित्रपटगृहांत दाखवल्या जाणाऱ्या बातम्यांच्या फिती) आणि मार्च १९५१ असा स्वतंत्र शोध घ्यावाच लागतो. माफियाचा म्होरक्या फ्रँक कॉस्टेलोच्या साक्षीत चेहऱ्याऐवजी हात दिसले तर फीत खराब समजू नका. चेहरा दाखवायला त्याचीच हरकत होती. ध्वनिफितीतला साक्षीदार ओळखायला छापील कार्यवृत्त शेजारी उघडं ठेवा, फार उपयोग होतो. माफियाचा सदस्य जो व्हॅलाचीची १९६३ची साक्ष इथे मिळणार नाही, ती सिनेटर मॅक्लेलन यांच्या उपसमितीपुढची.